सैल तणावा ताणण्याआधी : हवामान टॉवरबद्दल वाचकांचे प्रश्न

कारखान्याच्या आवारातल्या हवामान टॉवरच्या देखभालीवर प्रश्न पाठवा, असं आवाहन या सदरात केलं होतं. आलेल्या पत्रांत वाऱ्याच्या सेन्सरपेक्षा तणाव्यांची, म्हणजे टॉवर ताणून धरणाऱ्या तारांची, आणि त्या तारांची खालची टोकं जमिनीत धरून ठेवणाऱ्या अँकरची काळजी जास्त आहे, आणि ती रास्त आहे. सेन्सर बिघडला तर आकडे जातात. अँकर गेला तर टॉवर जातो. खालची उत्तरं तारांनी ताणून धरलेल्या, तीन पायांच्या जाळीदार टॉवरना धरून आहेत. मुळापासून आडवा पाडता येणाऱ्या नळीच्या मास्टचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

प्रश्न : आमच्याकडे ३० मीटरचा टॉवर आहे. तीन दिशांना तीन अँकर, प्रत्येक अँकरवर तीन पातळ्यांचे तणावे. सलग पावसानंतर एका दिशेचे तिन्ही तणावे ढिले दिसले. टर्नबकल (तणाव्याच्या खालच्या टोकाचा, तार ताणायचा स्क्रू) फिरवून ताणले, दोन महिन्यांत पुन्हा ढिले झाले. तारा बदलाव्यात का?

तारा बदलू नका, आणि टर्नबकललाही सध्या हात लावू नका. एकाच अँकरवरचे सगळे तणावे एकदम ढिले पडतात तेव्हा तारांचा दोष क्वचित असतो. अँकर सरकतो आहे. तुम्ही ताणत जाल तसा तो आणखी ओढला जाईल, आणि दरम्यान टॉवर विरुद्ध बाजूला कलत राहील.

ढिलेपणा कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. एकच तार ढिली असेल तर त्या तारेच्या दोन टोकांकडे बघा: ग्रिप (तारेच्या टोकाला गुंडाळून पकड घेणारी पिळाची तार) सरकली असेल, क्लॅम्प सुटला असेल किंवा टर्नबकल लॉक नसल्यामुळे उलटा फिरला असेल. सगळ्या दिशांचे सगळे तणावे थोडे थोडे उतरले असतील तर एक तर हवा तापली आहे, नाही तर पाया खचला आहे. तार नवी असेल तर पहिल्या काही महिन्यांत पेड बसून ती किंचित लांबते, तोही हिशोब धरा. आणि एका अँकरचे सगळे उतरले असतील, तर तुमच्यासारखी स्थिती.

अँकरचा दांडा जमिनीतून जिथे वर येतो तिथे गुडघे टेकून बसा. दांडा टॉवरच्या दिशेने ओढला गेला असेल तर त्याच्या मागच्या, म्हणजे टॉवरपासून दूरच्या बाजूला माती सुटून फट पडलेली असते आणि पुढच्या बाजूची माती दबून थोडी फुगलेली असते. दांड्यावर पूर्वीच्या जमिनीच्या पातळीची मातकट रेघ आताच्या मातीच्या वर दिसत असेल, तर एक तर दांडा उपसला गेला आहे, नाही तर माती वाहून गेली आहे. दोन्ही वाईट, पण उपाय निरनिराळे. फरक कळण्यासाठी अँकरपासून काही मीटरवर, त्याच्या ओढीच्या बाहेर तीन पक्के खुंट ठोका आणि दांड्याच्या डोळ्यापर्यंतची अंतरं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा मोजा. अंतर बदलत असेल तर तात्पुरता अँकर लावून नवा अँकर बसवण्याचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे द्या. अंतर स्थिर असेल आणि फक्त माती गेली असेल, तर थराथराने कुटून भर घाला आणि पाण्याची वाट अँकरपासून वळवा. कारखान्यात हे पाणी बऱ्याचदा नव्याने केलेल्या रस्त्याचं किंवा वळवलेल्या गटाराचं असतं.

तोवर टॉवरवर कोणीही चढायचं नाही.

प्रश्न : ताण नेमका किती ठेवायचा? आमच्याकडे ताण मोजायचं यंत्र नाही. अनुभवी माणूस तार हलवून सांगतो.

पहिला अधिकार टॉवरच्या मूळ ड्रॉइंगचा. त्यात प्रत्येक पातळीचा सुरुवातीचा ताण आणि तो कोणत्या तापमानाला धरला आहे, हे दिलेलं असतं. टॉवरच्या बांधणीच्या अमेरिकी टीआयए-२२२ मानकानुसार हा ताण सहसा तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या ७ ते १५ टक्के असतो. बहुतेक ठिकाणी १० टक्के धरतात. पाव इंची, सात पेडांच्या, जस्त चढवलेल्या अतिउच्च ताकदीच्या तारेची तुटण्याची ताकद सुमारे २९.६ किलोन्यूटन असते. म्हणजे ताण ३ किलोन्यूटनच्या आसपास, ढोबळ मानाने ३०० किलो वजनाइतका.

नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. उदाहरण घ्या: तणावा २४ मीटर उंचीवर बांधलेला, अँकर पायापासून १८ मीटरवर, म्हणजे तार ३० मीटर. ताण बरोबर असताना मधला झोळ जेमतेम ४ सेंटिमीटर. ताण निम्मा झाला तरी तो ८ सेंटिमीटर होतो. खालून बघणाऱ्याला दोन्ही तारा सरळच दिसतात.

यंत्र नसेल तर स्टॉपवॉच वापरा. तारेच्या खालच्या टोकाजवळ हाताने एक जोरकस झटका द्या. तो झटका वर जाऊन परत येतो आणि हाताला जाणवतो. असे १० परतीचे ठोके मोजा आणि वेळ लिहा. गणित असं: ताण न्यूटनमध्ये = ४ × तारेचं दर मीटर वजन किलोत × लांबीचा वर्ग × दर सेकंदाच्या ठोक्यांचा वर्ग. पाव इंची तार दर मीटरला ०.१८ किलो भरते, म्हणून वरच्या उदाहरणात हा गुणक ६४८ येतो. १० ठोके ४.७ सेकंदांत आले तर ताण साधारण २,९०० न्यूटन, म्हणजे ठीक. तेच १० ठोके ६ सेकंदांत आले तर १,८०० न्यूटन, म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या ६ टक्केच. वेळेत सव्वा सेकंदाचा फरक पडला आणि ताणात दोन-पंचमांशांची घट निघाली, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. तारेवर मधे जड इन्सुलेटर असतील तर हे सूत्र चालणार नाही. तिथे तारेवर चढवायचं ताणमापकच हवं.

मोजताना वारा मंद असावा आणि तापमान लिहिलेलं असावं. वरच्याच तणाव्यात २० अंश तापमान वाढलं की ताण सुमारे ३०० न्यूटनने, म्हणजे दहाव्या हिश्श्याने उतरतो. भर दुपारी 'ढिला दिसला' म्हणून ताणलेला तणावा पहाटेच्या थंडीत जास्त ताणलेला सापडतो. सकाळी लवकर, सगळ्या तारा एकाच तासाभरात मोजणं उत्तम.

ताणताना खालच्या पातळीपासून वर जा. एका पातळीचे तिन्ही तणावे मिळून थोडे थोडे हलवा. टर्नबकलला दोन्ही टोकांना आटे असतात, त्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात तार दोन आट्यांइतकी ओढली जाते. १२ मिलिमीटरच्या टर्नबकलमध्ये ते साडेतीन मिलिमीटर होतं, आणि ३० मीटरच्या पाव इंची तारेवर एवढ्यानेच ताण ४०० न्यूटनच्या आसपास बदलू शकतो. म्हणून अर्धा फेरा, मग मोजणी, मग पुढचा अर्धा. दोन काटकोनी दिशांनी थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून ओळंबा सतत तपासत राहा. त्याच मानकाप्रमाणे कल उंचीच्या चारशेव्या भागापेक्षा जास्त नसावा, म्हणजे ३० मीटरला ७५ मिलिमीटर. शेवटी टर्नबकलच्या दोन्ही जबड्यांतून आणि मधल्या अंगातून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी लॉक-वायर ओवा. तुम्ही सांगता त्या अनुभवी माणसाचा अंदाज चांगला असेलही, पण पुढच्या वर्षीच्या अंदाजाशी ताडून बघायला त्याची नोंद नसते.

प्रश्न : तणाव्याच्या टोकाला गुंडाळायची ग्रिप काढून पुन्हा लावली तर चालते का? आणि यू-क्लॅम्प कोणत्या बाजूने?

तयार पिळाची ग्रिप बसवल्यापासून तीन महिन्यांच्या आत, ताण जुळवण्यासाठी फार तर दोनदा काढून पुन्हा लावता येते. त्यानंतर काढली की ती भंगारात. तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेले खरखरीत कण झिजतात आणि पिळाची पकड सैल होते. वरून मात्र ती नव्यासारखीच दिसते. ग्रिप तारेच्या नेमक्या मापाची आणि तारेच्याच पिळाच्या दिशेची हवी. मापाप्रमाणे तिच्यावर रंगाची खूण असते, ती बघा. डोळ्यात थिम्बल, म्हणजे तार चेपू नये म्हणून बसवायची धातूची खोबण, हवंच. शेवटची टोकं हाताने पूर्ण बसवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून बसवली तर तारेचं जस्त सोललं जातं.

यू-क्लॅम्पचं खोगीर ताण घेणाऱ्या तारेवर, आणि यू-बोल्टची कमान परत वळवलेल्या मोकळ्या टोकावर. उलट लावला तर कमान ताण घेणारी तार चेपते आणि तार तिथेच तुटते. पाव इंची तारेला क्लॅम्प बनवणाऱ्यांच्या तक्त्यात किमान दोन क्लॅम्प, १२० मिलिमीटर परतीची लांबी आणि २० न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. टॉवरवर तिसरा लावावा. नट पहिला ताण बसल्यावर पुन्हा आवळायचे, कारण तार दबून बारीक होते. याच पायरीला सगळे विसरतात.

प्रश्न : वरच्या पातळीच्या एका तणाव्याचा सातपैकी एक पेड तुटला आहे, खालच्या ग्रिपच्या तोंडाशी. बाकीचे सहा चांगले आहेत. ३० मीटरची तार बदलायचा क्रम सांगा.

सात पेडांच्या तारेत एक तुटला म्हणजे तार बाद. ग्रिपच्या तोंडाशीच तुटला याचाही अर्थ घ्या: तिथे तार वाऱ्याने थरथरून वाकत राहते आणि पाणीही तिथेच साचतं. त्याच अँकरवरच्या बाकीच्या दोन तारांची तोंडं भिंगाने तपासा. तिथेही तांबडा गंज आणि खड्डे दिसले तर तिन्ही बदला.

सामान आधी जमवा: प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीपेक्षा दीड मीटर जास्त तार, वर-खाली नव्या ग्रिप आणि थिम्बल, पिन-कॉटरसह नवे शॅकल, एक सुट्टी तात्पुरती तार तिच्या फिटिंगसह, पुल-लिफ्ट (तार ओढायचं हातयंत्र), तार पकडायचा क्लॅम्प, ताणमापक. हवेत क्लोरीन किंवा आम्लाचा वास असणाऱ्या आवारात तार मागवताना जस्ताचा 'सी' वर्ग मागा. अमेरिकी एएसटीएम ए-४७५ मानकात त्यावरचं जस्त 'ए' वर्गाच्या साधारण तिप्पट असतं. दुकानात विचारलं तर 'ए'च पुढे येतो.

कामाच्या दिवशी वारा मंद असावा आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहण्याचा अंदाज असावा. टॉवरच्या उंचीच्या दीडपट त्रिज्येत माणसं आणि गाड्या बंद. चढणारा माणूस पूर्ण हार्नेसने सतत अडकलेला, आणि सगळे तणावे जागेवर असतानाच वर जाईल. तो तात्पुरती तार जुन्या बंधाच्या शेजारी, टॉवरच्या मुख्य पायाला स्लिंग घालून बांधेल. आडव्या किंवा तिरप्या पट्टीला बांधलेली तार पट्टीच वाकवते. तात्पुरत्या तारेचं खालचं टोक त्याच अँकरच्या मोकळ्या भोकात, पण अँकर तपासून धड ठरला असेल तरच. नाही तर वेगळ्या अँकरला. पुल-लिफ्टने ही तार जुन्या तारेइतकी ताणा. मापकावर आकडा बघा, थिओडोलाइटवर ओळंबा बघा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. मधल्या काळात चढलेला माणूस खाली आलेला असावा.

आता जुना टर्नबकल थोडा थोडा सोडा. पूर्ण ताण उतरल्याशिवाय तार कापायची नाही, कारण ताणलेली तार कापली की सापासारखी उसळते. खालचं टोक सुटल्यावर त्याला दोरी बांधून ताब्यात ठेवा. मग माणूस पुन्हा वर जाईल, जुनी तार दोरीने खाली सोडेल आणि नवी शॅकलने बांधेल. कॉटर पिन वळवून टाकेल, नुसती घालून ठेवणार नाही. नवी तार कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेप गुंडाळा, म्हणजे पेड उलगडणार नाहीत. खाली टर्नबकल निम्मा उघडा ठेवून ग्रिप लावा, म्हणजे पुढे दोन्ही दिशांना जुळवायला आटे उरतात. नवी तार हळूहळू घ्या, तात्पुरती त्याच प्रमाणात सोडा. शेवटी फक्त हा तणावा नाही, त्या पातळीचे तिन्ही मोजा.

महिन्याभराने पुन्हा मोजणी करा. नवी तार थोडी उतरलेली सापडेलच.

प्रश्न : अँकरचा जमिनीवरचा भाग चकचकीत आहे. तरी खोदून बघा असं सांगितलं गेलं. गरज आहे का?

आहे. कारखान्यात तर नक्कीच, आणि त्याचं कारण तुमच्या अर्थिंगमध्ये आहे. प्लांटची अर्थिंग जाळी बहुधा तांब्याची असते. टॉवरचा पाया त्या जाळीला जोडलेला, टॉवरला तणावे जोडलेले, तणाव्यांना अँकरचा दांडा जोडलेला, आणि दांडा ओल्या मातीत. तांबं, पोलाद-जस्त आणि ओली माती मिळून एक बॅटरी तयार होते. त्यात झिजणारं टोक म्हणजे तुमचा दांडा. आधी जस्त जातं, मग पोलाद. जमिनीवरचा भाग या बॅटरीत येत नाही, म्हणून तो चकचकीत राहतो.

दुसरा झटका काँक्रीटचा. ठोकळ्यात गाडलेलं पोलाद काँक्रीटच्या क्षारतेमुळे सुरक्षित राहतं आणि तांब्यासारखंच वागतं. त्याच्या बाहेर, मातीतला तुकडा झिजतो. त्यामुळे सर्वांत बारीक झालेला भाग ठोकळ्यातून दांडा जिथे बाहेर पडतो तिथे, म्हणजे नेमका न दिसणारा असतो. जमिनीच्या पातळीवर दांड्याभोवती शोभेची काँक्रीटची कॉलर ओतण्याची पद्धत आहे. ती करू नका. झिजेची जागा तिने फक्त खाली सरकते आणि झाकली जाते.

खोदण्याचीही रीत आहे. अँकरला धरून ठेवते ती त्याच्या वरची आणि टॉवरच्या बाजूची माती. दांडा त्याच मातीतून वर येतो. ती उकरली तर पकड जाते. म्हणून एका वेळी एकच अँकर, हातखुरप्याने, दांड्याच्या कडेने अरुंद चर. साधारण ३० सेंटिमीटरच्या खाली जायचं असेल तर आधी तात्पुरता अँकर आणि तात्पुरता तणावा. खोदण्याआधी जमिनीखालच्या केबल आणि नळ्यांचा नकाशा बघा. दांडा ब्रशने साफ करून चारी बाजूंनी कॅलिपर लावा. ताकद व्यासाच्या वर्गाने जाते: २५ मिलिमीटरचा दांडा २२ वर आला की पोलादाचं जवळजवळ एक-चतुर्थांश क्षेत्रफळ गेलेलं असतं. त्यावर रंग मारून माती लोटू नका. नवा अँकर शेजारी घालावा लागतो.

झीज किरकोळ असेल तर अँकरजवळची तांब्याची अर्थ रॉड काढून जस्त चढवलेली पोलादी रॉड लावा आणि दांड्याला मॅग्नेशियमचा ॲनोड, म्हणजे दांड्याऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, जोडा. ॲनोड काम करतोय का, हे तांबं-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजा: आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवा. मात्र टॉवर तांब्याच्या मोठ्या जाळीला जोडलेला राहिला, तर बिचारा एकटा ॲनोड सगळ्या जाळीला पुरवठा करत लवकर संपतो. तणाव्यात इन्सुलेटर टाकून विजेची ही वाट तोडता येते, पण मग प्रत्येक अँकरच्या स्वतंत्र अर्थिंगचा विचार वीज-संरक्षणाच्या तज्ज्ञाबरोबर करावा लागतो.

प्रश्न : तणावे जुळवून घेतल्यापासून वाऱ्याची दिशा आधीपेक्षा ६ अंशांनी वेगळी दिसते. सेन्सर प्रयोगशाळेत बरोबर निघाला.

टॉवरला पीळ पडला आहे. एखादा तणावा पायाच्या रेषेत नसेल किंवा तिघांपैकी एक जास्त ओढला असेल, तर टॉवर ओळंब्यात राहूनही स्वतःभोवती फिरतो, आणि वरचा बूम, म्हणजे सेन्सर धरणारा आडवा दांडा, त्याच्याबरोबर. टीआयए-२२२ पूर्ण उंचीत ५ अंशांपर्यंतचा पीळ चालवून घेतं. हवामानाच्या नोंदींसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शिकेत दिशेच्या मापाला मिळून ५ अंशांचीच सूट आहे. म्हणजे बांधकामाच्या दृष्टीने पास झालेला टॉवर नोंदींची सगळी सूट एकटाच खाऊन टाकू शकतो. हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून ताण जुळवल्याच्या दिवशीच दिशा पुन्हा बसवायची, हा नियम करून टाका.

तपासायला थिओडोलाइट बूमच्या रेषेत लांब उभा करा, बूमचे दोन्ही टोकाचे बोल्ट एकामागे एक दिसेपर्यंत सरका, आणि तिथून खऱ्या उत्तरेशी कोन मोजा. होकायंत्र वापरू नका; टॉवरचं लोखंड सुई ओढतं, आणि चुंबकीय उत्तरेचा स्थानिक फरकही वेगळा. त्याच खेपेत बूमचा क्लॅम्प हाताने पिळून बघा. पुष्कळदा टॉवर सरळ असतो आणि क्लॅम्प फिरलेला असतो.

प्रश्न : हलक्या वाऱ्यात तणावे गुणगुणतात, जोरात वारा आला की गप्प. धोका आहे का?

मंद, एकसारख्या वाऱ्यात तारेमागे भोवरे सुटतात आणि तार बारीक, जलद थरथरते. जोराच्या, हेलकावत्या वाऱ्यात ती लय मोडते. एखाद्या रात्रीने काही होत नाही. वर्षानुवर्षं चाललं तर ग्रिपच्या तोंडाशी पेड तुटतात, वरच्या पत्रातल्यासारखे. आधी ताण मोजा, कारण जास्त ताणलेली तार जास्त गाते. ताण बरोबर असूनही आवाज राहिला तर तारेच्या मापाचा डंबेलसारखा डॅम्पर टोकाजवळ लावतात. अंतर डॅम्पर बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे.

प्रश्न : तणाव्यांना रंग द्यावा का?

नाही. रंगाखाली पाणी अडकतं आणि गंज दिसत नाही. टॉवरच्या पायांवर ओरखडे असतील तिथे घासून जस्तयुक्त प्रायमर मारा. पाय पोकळ नळीचे असतील तर त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे बुडाशी असलेली पाणी निथळण्याची भोकं तारेने मोकळी करणं. माती, सिमेंटची धूळ किंवा गांधीलमाश्यांचं घर यांनी ती बुजतात, पाणी नळीत साठतं आणि टॉवर आतून गंजतो. थंड मुलखात तेच पाणी गोठून नळी उभी चिरते. हातोडीने ठोकत वर जा; आवाज भरीव झाला तिथे पाणी किंवा गंजाचा चुरा आहे. खात्रीसाठी अल्ट्रासोनिक जाडीमापक लावा.

प्रश्न : शटडाऊनच्या काळात क्रेन, वेल्डर, परांची सगळं टॉवरभोवती असतं. काय सांभाळायचं?

तणाव्याला काहीही बांधायचं नाही: परांची नाही, ताडपत्री नाही, केबल नाही. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प टॉवरला किंवा तणाव्याला लावू देऊ नका. परतीचा प्रवाह तारेच्या सांध्यांतून आणि डेटा लॉगरच्या अर्थिंगमधून जातो, आणि दोन्ही जळतात. अँकरभोवती खांब ठोकून साखळी, आणि तणाव्याच्या खालच्या दोन-अडीच मीटरवर पिवळी नळी. अँकरच्या आसपास खणायचं असेल तर परवान्यावर देखभाल विभागाची सही लागलीच पाहिजे. काम संपल्यावर सगळ्या तणाव्यांचे ठोके पुन्हा मोजा. फोर्कलिफ्टचा धक्का लागला तर चालक सांगेलच असं नाही, तार सांगते.

प्रश्न : १० मीटरचा नळीचा मास्ट आहे, बुडाशी बिजागरी. सेन्सर बदलायला आडवा करतो. खाली येताना बाजूचे तणावे एका टप्प्यावर तुटतील इतके ताणतात.

बाजूच्या दोन अँकरांचे डोळे बिजागरीच्या पिनच्या सरळ रेषेत आणि तिच्याच उंचीला हवेत. तरच मास्ट उतरताना त्या तारांची लांबी तीच राहते. अँकर रेषेपासून मास्ट पडतो त्याच्या उलट बाजूला सरकलेला असेल किंवा बिजागरीपेक्षा वर असेल, तर उतरताना तार ताणत जाते. उलट असेल तर सैल पडून मास्ट कुशीवर कलंडतो. पाण्याच्या नळीने पातळी आणि दोरीने रेषा तपासा. अँकर हलवणं शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक माणूस टर्नबकलवर ठेवून प्रत्येक काही अंशांनी थांबत उतरवा. पिनला ग्रीस लावा, विंचला भार धरणारा ब्रेक आहे ना बघा, आणि मास्टच्या पडण्याच्या रेषेखाली कोणी उभं राहू देऊ नका.

प्रश्न : २ आणि १० मीटरच्या तापमानातला फरक दुपारी विचित्र येतो. रात्री ठीक असतो. टॉवरशी संबंध असू शकतो का?

बहुधा पंख्याशी आहे. तापमानाच्या सेन्सरवरून हवा ओढणारा पंखा मंदावला किंवा जाळी धुळीने बुजली की उन्हात तो सेन्सर गरम वाचतो. रात्री ऊन नाही, म्हणून दोष लपतो. या फरकासाठी अचूकता ०.१ अंशाची लागते, म्हणून थोडीशी धूळही पुरते. दोन्ही पंख्यांचा हवेचा वेग मोजा, दोन्ही सेन्सर एकाच ढवळलेल्या पाण्याच्या भांड्यात बुडवून एकमेकांशी ताडा. दोन्ही ठीक निघाले तर खालच्या सेन्सरखालची जमीन बघा: तिथे अलीकडे खडी किंवा डांबर पडलं असेल.